काल्यापर्यंतचे पाच दिवस

आबा, नगरच्या दवाखान्यात जिन्याखाली एक बाक आहे, तिथे बसून लिहितो आहे. कागद रेडिओचा आहे, पाठीमागे मागच्या रविवारच्या बातम्या आहेत. तुमची नात, माझी पोरगी, वरच्या मजल्यावर आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, तुमच्या धोतराला धरून उभं राहायला बघायची. आता ती पोटुशी आहे, आठवा महिना सरत आला आहे आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आहेत. ही कावीळ पोटुशा बाईला फार वाईट असते, असं डॉक्टर म्हणाले. बाळाचे ठोके लागताहेत. पण तिचं भान जातं-येतं, आणि पुढचं कुणी काही सांगत नाही. तिची आई वर तिच्या उशाशी पांडुरंगाचं नाव घेत बसली आहे. मलाही तेच करायला हवं. पण नाव तोंडात येतं आणि तिथेच अडकतं.

रेडिओचं तुम्हाला ठाऊक नाही. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत आमचं केंद्र आहे, आसपासच्या गावांपुरतं ऐकू जाणारं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावल्या आहेत, बायकांनीच शिवून दिलेल्या. शेत सांभाळून मी तिथे बोलतो. कुठं ग्रामसभा झाली, कुणी टाकी धुतली नाही, कुठल्या विहिरीचं पाणी पिण्यासारखं आहे. म्हणजे तुमचंच काम. तुम्ही पंचायतीचे शिपाई, हलगी घेऊन उन्हातान्हात दवंडी देत फिरलात. मी पंख्याखाली बसून देतो, एवढाच फरक.

एक दिवस फार आठवतो आहे. मी सहावीत आहे. तुम्हाला हिवताप भरलाय, म्हणून हलगी माझ्या गळ्यात. "ऐका हो ऐका, हिरीत पावडर टाकली हाय, दुपारपोत्तर पानी भरू नका!" गावातून फिरलो, पण माळावरच्या वस्तीला कुत्री फार, म्हणून तिकडे गेलोच नाही. दिवस कलता एक म्हातारी पाण्याला वास मारतो म्हणून भांडायला आली आणि तुम्हाला कळलं. तुम्ही घोंगडी घेऊन उठलात, मला कानाला धरून माळावर नेलंत आणि म्हणालात, "दे दवंडी." मी रडत म्हणालो, "आता सांगून काय उपेग?" त्यावर तुम्ही म्हणालात, "उपेग नसला तरी सांगायचं. आन उशिरा आलो हेबी सांगायचं. न्हाईतर लोकान्ला वाटतं, सांगनारा येळेवर आल्ता." मी हलगी वाजवली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "आता उद्याचीबी देऊन टाक की रं बाबा, पुन्ना कशाला हेलपाटा!" तुम्ही हसला नाहीत. अंगात ताप असताना, मी शेवटचा शब्द उच्चारेपर्यंत उभे राहिलात.

यंदा सप्त्याच्या आधी केंद्रातून आम्हाला पाणी तपासायच्या लहान बाटल्या दिल्या. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच लावून उबेला दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं की त्यात घाण आहे असं समजायचं. पोरगी तेव्हा नुकतीच बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातव्यातली ओटी भरून. ऊब कुठे असते, तर देव्हाऱ्यात समईजवळ, म्हणून मी बाटली तिथे ठेवली. बायकोनं विचारलं तेव्हा औषध आहे म्हणालो. सप्त्याच्या तिसऱ्या दिवशी पूजेला बसलो आणि पाहिलं. देवांच्या शेजारी ती बाटली शाईसारखी काळी झाली होती.

बाटली फडक्यात गुंडाळून मी सप्त्याच्या प्रमुखांकडे गेलो. वयानं मोठे, तुम्हाला मानणारे. त्यांनी ती उजेडात धरली, हलवून पाहिली. "हात न धुता भरली असंल तू."

"धुतला होता, काका."

"आरं, मांडवात मानूस मावंना. रोजची पंगत उठतीय. आता ह्ये बोललास तर आमटी कशात शिजवायची? टँकर काय तुजा म्हातारा आननार हाय?" मग जरा मऊ झाले. "काल्यापोत्तर दम धर. देवाचं काम हाय. देव काय आपल्या लेकरान्ला इख पाजंल व्हय?"

आबा, त्यांनी मला गप्प केलं असं मी लिहिलं असतं, पण ते खरं नाही. ते बोलले आणि मला बरं वाटलं. मी पारायणाला वाचकांत बसलो होतो. ज्या मांडवात मी ग्रंथावर डोकं टेकत होतो, त्याच मांडवाला उठून म्हणायचं की तुमचं पाणी घाण आहे? शिवाय घराघराला संडास बांधा म्हणून रेडिओवर ओरडलो तो मीच. विहिरीच्या वरच्या अंगाला त्या संडासांचे जे शोषखड्डे खणले गेले, त्यात एक आपलाही आहे. मी मनाशी ठरवलं, माझंच बोट बुचाला लागलं असेल. काला झाला की पुन्हा भरू, म्हणजे न्यायाचं होईल. घरीही बोललो नाही. बायकोला सांगितलं असतं तर घटकाभरात ते विहिरीवर गेलं असतं.

काल्याच्याच दिवशी दुसरी बाटली भरली. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी झाली. त्या दुपारी मी रेडिओवर सांगितलं, स्पष्ट, दोनदा. पंचायतीनं विहीर बंद केली, पावडर टाकली, टँकर आला. लोक बरं बोलले. शेजारची वहिनी अंगणात येऊन म्हणाली, "भावजी, तुमच्या रेडिवनं गाव वाचिवलं बगा. येळेवर कळलं म्हून बरं, न्हाईतर काय झालं असतं!" मी म्हणालो, "देवाची कृपा." पाच दिवस आधी कळलं होतं हे मी तेव्हा सांगितलं नाही, आणि त्यानंतरच्या एकाही रविवारी सांगितलं नाही. दर रविवारी कागदावर पहिली ओळ तीच लिहायचो आणि वाचताना दुसऱ्या ओळीपासून सुरू करायचो.

परवा इथे आणलं तेव्हा ती शुद्धीत होती. डॉक्टरांनी विचारलं, विहिरीचं पाणी शेवटचं कधी प्यायलात? तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "काल्याच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पप्पांनी रेडिओवर सांगितलं, तेव्हापासून थेंबसुद्धा नाही. आमचे पप्पाच सांगतात ना रेडिओवर." एवढ्या दुखण्यात तिच्या तोंडावर अभिमान होता. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगलं काम करता." पुढे त्यांनी समजावलं की ही कावीळ अंगात शिरल्यावर कित्येक आठवड्यांनी बाहेर दिसते. नेमकं कुठल्या दिवशीचं पाणी बाधलं ते कुणाला सांगता येणार नाही. मी तेव्हापासून तेवढंच धरून बसलो आहे. ती माहेरी आली ते बाटलीच्या आधी, तेव्हा आधीचंच बाधलं असेल. पाच दिवसांतलं नसेलच. मग वर जातो, तिचे डोळे बघतो आणि पुन्हा या बाकावर येऊन बसतो.

हा कागद कुठल्या पत्त्यावर जायचा नाही, मला ठाऊक आहे. तिच्या आईला सांगायचं धाडस नाही. पोरीला सांगावं तर ती ओळखेल की नाही, याचा भरवसा नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. आणि अजून एक राहिलं आहे, ते वर लिहायला हात झाला नाही.

त्या पाच दिवसांत मी घरचं पाणी प्यायलो नाही. सप्ता संपेपर्यंत घरच्या पाण्याला शिवायचं नाही असा नेम केलाय, असं घरात सांगितलं. केंद्रावर जारचं पाणी होतं, ते बाटलीत भरून पिशवीत आणायचो आणि गोठ्यामागे उभा राहून प्यायचो. पोरीला नेमाचं कौतुक वाटलं. तरी मन बदललं तर असावं म्हणून दुपारी जेवताना ती माझ्या ताटाशेजारी भरलेला तांब्या ठेवायची. मी मान खाली घालून जेवायचो आणि हात धुवायला उठायचो. परत येईपर्यंत तांब्या रिकामा असायचा. "भरलेलं ओतून कशाला द्यायचं," म्हणायची, "मीच पिले."