करियाचा पहिला घास

सगळ्यात आधी आली ती शेजारची जयलक्ष्मी. बोलावलं होतं तिच्या यजमानांना, गुंडेरावांना, कारण त्यांनी उभं आयुष्य नजरबादच्या कचेरीत काढलं आणि मृत्युपत्राला काय काय लागतं ते त्यांना पाठ आहे. पण ते चपला शोधेपर्यंत ही येऊन माझ्या खुर्चीत बसलीसुद्धा. "वनजाबाई, मला काय ठेवताय ते आधी सांगा," म्हणाली. मी म्हटलं, पाटा-वरवंटा. तेवढ्यात गुंडेराव आले आणि म्हणाले, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, त्याच्या नवऱ्यानंही नाही, उगीच पुढं भानगड. जयलक्ष्मीनं थोडा विचार केला. "मग मेल्यावर कशाला? आजच द्या की!" आणि खरोखर वरवंटा पदरात आणि पाटा नवऱ्याच्या खांद्यावर देऊन घेऊन गेली. म्हणून पाटा-वरवंटा या कागदात नाही.

ही कालची, रविवारची गोष्ट. आज सोमवार, घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

आता रीतीप्रमाणे. मी वनजाबाई कोम सयाजीराव घाटगे, म्हणजे सयाजीरावांची बायको, वय बहात्तर, राहणार चामराजपुरम, म्हैसूर, शिक्षण कन्नड शाळेत चौथी, तीही अर्धी, आणि मराठी अक्षरं सासऱ्यांनी चुलीपुढं बसवून शिकवलेली, असं लिहून ठेवते की माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, मला कुणी फूस लावलेली नाही, आणि माझं डोकं जागेवर आहे. डोक्याचा दाखला डॉक्टर प्रार्थना देणार आहे. ती करियाची डॉक्टर. "अज्जी, मी कुत्र्या-गुरांची डॉक्टर," म्हणाली. मी म्हटलं, सत्तरीनंतर फरक काय असतो गं? हसली आणि कबूल झाली. या मराठीचं कन्नड गुंडेराव करून देतील. त्यांनी आपल्या मनानं एक शब्द गाळायचा नाही. खाली त्यांच्याविषयीही आहे.

करिया म्हणजे माझा कुत्रा. काळा म्हणून करिया, आमच्याकडं कन्नडात तसंच म्हणतात. दहा वर्षांमागं विजयादशमीला माझे यजमान बन्नीमंटपाला मशालींची कवायत बघायला गेले आणि येताना शालीत हे पिल्लू घेऊन आले. कवायत कशी झाली विचारलं तर म्हणाले, "बघितली कुणी? हा कुडकुडत होता." दोन वर्षांनी ते गेले. करिया राहिला. घर-दागिने काय, कुणीही वाटून घेईल. मी गेल्यावर करियाला रांधून कोण घालणार, याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. जयलक्ष्मी म्हणते, कुत्र्याचं वय बघा, तुमचं बघा, तोच आधी जाईल. तसं झालं तर हे पत्र फाडून टाकावं आणि दुसरं लिहायला मला सांगू नये.

कलम पहिलं. घर माझा मुलगा येसाजी याला. तो एकुलता एक आहे, दुसऱ्या कुणाला देणार? पण मागचा पडवीचा कोपरा, जिथं दुपारी ऊन येतं, तो करियाचा. तिथं गाडी धुवायची नाही, फरशी बदलायची नाही. वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं कुंड्या ठेवल्यात त्याही एका बाजूला सराव्यात.

कलम दुसरं. देव्हाऱ्याशेजारची तलवार माझी नात भव्या हिला. पूर्वीचे लोक राजाच्या घोडदळात होते, त्यांची आहे. आयुधपूजेला तिला हळदीकुंकू लावून मटणाचा नैवेद्य दाखवतात, तो भव्यानं दाखवावा. मुलगी आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर तिनं तलवार हातात घेऊन त्याच्याशी बोलावं. इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, मोबाईलवर मला रोज विचारते, "अज्जी, ऊटा झाला?" जेवण झालं का म्हणायचं तिला. मराठी तोडकं बोलते, पण बोलते. माझं पोर आहे ते, सोन्यासारखं.

कलम तिसरं, हे मोठं आहे. आमच्या घराची एक रीत आहे. घोडदळातल्या माणसानं घोड्याच्या आधी जेवायचं नाही. लढाईहून रात्री कितीही दमून आला तरी आधी घोड्याच्या तोंडाशी घास, मग आपलं ताट. घोडे जाऊन शंभर वर्षं होत आली, पण या घरात भाताचा पहिला घास अजून दारच्या जनावराला जातो. सासरे गायीला घालायचे. मग मांजर होती, तिला. मग करिया आला. एका घासानं त्याचं काय होतंय? म्हणून मी घासाचं ताट केलं, आणि माणसं त्याच्यानंतर बसतात.

त्याचं जेवण असं करावं. तांदूळ मऊ, गुरगुट्या शिजवावा. कोंबडीचं मांस आणि थोडी कलेजी नुसत्या पाण्यात उकडून हातानं कुस्करावी आणि हाडं नीट काढावीत, शिजलेलं हाड ठिसूळ होऊन घशात टोचतं. लाल भोपळा, गाजर, बीन्स बारीक चिरून त्यातच. थंडीत भाताऐवजी नाचणीचा मुद्दा, म्हणजे पीठ शिजवून केलेला गोळा, पण पातळ, नाहीतर टाळूला चिकटतो आणि तो पंजानं तोंड पुसत बसतो. उन्हाळ्यात वर चमचाभर दही. मीठ नाही, तिखट नाही, तेल नाही. कांदा-लसूण तर घराच्या दुसऱ्या टोकाला. सोमवारी मी मांसाहार करत नाही, म्हणून तोही करत नाही. त्या दिवशी भोपळा-भात. तो आधी वास घेतो, मग माझ्याकडं बघतो, मग कॅलेंडरकडं बघितल्यासारखं करतो आणि जेवतो. आजही तसंच झालं. ताट खाली ठेवल्यावर "जेव रे राजा" म्हणावं. म्हटल्याशिवाय तो तोंड लावत नाही.

पोस्टातलं माझं सगळं या जेवणासाठी आहे. उरेल ते भव्याचं.

कलम चौथं, राग. गुंडेरावांवर माझा एक राग आहे. त्यांच्याकडं कांदा-लसूण नसतो म्हणून मी करियाला बिनधास्त त्यांच्या अंगणात सोडायची. एका गोकुळाष्टमीला त्यांनी त्याला वाटीभर पायस घातलं, त्यात मनुका. मनुका कुत्र्याला विष. अख्खी रात्र ओकला बिचारा, सकाळी डॉक्टर प्रार्थनानं सुया टोचल्या तेव्हा सावरला. गुंडेरावांना सांगायला गेले तर म्हणतात, "प्रसादानं कुणाला काही होत नाही." दिवाळीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी नंतर स्वतःच्या घरात पायसात मनुका घालणं बंद केलं, हे जयलक्ष्मीनं मला चोरून सांगितलं, म्हणून तो राग इथं सोडते.

दुसरा राग सुष्मावर, म्हणजे माझ्या सुनेवर. तिच्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आयुधपूजेला मटणाचं पातेलं उघडलं आणि ही तोंड दाबून वर पळाली, वरच दहीभात खाल्ला. पाहुण्यांसमोर! तेव्हापासून ती आली की माझ्या घरात दोन चुली, दोन विळ्या, दोन झारे. ती स्वयंपाकघरात आली की मी गप्प, मी आले की ती गप्प. बोलायची ती सरळ, "अत्ते, हे करू का, ते करू का," पण मधे एक भिंत होती. हा राग मी सांभाळून वापरला, पुष्कळ वर्षं टिकला.

कलम पाचवं. हे कलम काल सकाळपर्यंत वेगळं होतं. तेही सांगते, म्हणजे बदललं का ते कळेल.

संक्रांतीनंतर माझं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात होते तेवढे दिवस सुष्मा भव्याला घेऊन बंगळूरहून येऊन या घरी राहिली. येसाजीनं करियासाठी दुकानातलं तयार जेवण आणलं, सुक्या गोळ्यांचं भलंमोठं पाकीट. मी दवाखान्यातून रोज विचारायची, खाल्लं का रे? तो म्हणायचा, "खातोय की आई, मजेत आहे." मला खरं वाटेना. घरी आले तर करिया गुबगुबीत, अंगावर चकाकी! येसाजी म्हणाला, "बघ, पाकिटानं झालंय. तू उगाच दहा वर्षं राबलीस."

खरं सांगते, ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा ते जास्त दुखलं. पण डोळ्यांना दिसत होतं, त्यावर काय बोलणार? म्हणून मी ठरवलं, लिहून टाकावं, करिया येसाजीकडं बंगळूरला जावा, त्याला पाकीट घालावं. कच्चा कागद तसाच केला होता. काल सगळ्यांना बोलावलं ते तोच वाचून दाखवायला.

जयलक्ष्मी पाटा घेऊन गेल्यावर दुपारी गाडी आली. येसाजी गाडी लावत होता, भव्या पिशव्या काढत होती, सुष्मा पुढं आत आली. करिया कोपऱ्यात झोपला होता, तो उठला. मला वाटलं माझ्याकडं येतोय. तो माझ्या पायांवरून गेला, सुष्मासमोर जाऊन बसला, पुढचे पाय जोडून, मान वर करून, जीभ आत घेऊन. असा तो एकाच माणसासमोर बसतो. रांधून घालणाऱ्या.

सुष्मानं पटकन त्याला हातानं बाजूला सारलं. "सुम्ने, उगीच बसलाय," म्हणाली, पण कानाची पाळी लाल झाली होती.

भव्यानं पिशवी खाली ठेवली. "अम्मा, पुरे आता. अज्जी, ते पाकीट अजून आमच्या गाडीच्या डिकीत आहे. एक मूठ सोडली तर भरलेलंच आहे. यानं तोंडच लावलं नाही."

"मग खाल्लं काय यानं?"

येसाजी दारात उभा राहून किल्ल्या वाजवत होता. शेवटी सुष्माच बोलली. "भोपळा, भात. आणि ते."

"ते म्हणजे?"

"ते, अत्ते. कलेजी." एवढं म्हणताना तिनं नाकाला पदर लावला.

मग सगळं बाहेर आलं. पहिले दोन दिवस करियानं गोळ्या हुंगल्या आणि दाराशी पडून राहिला, माझी वाट बघत. सुष्मानं डॉक्टर प्रार्थनाला फोन करून विचारलं. बाजारात स्वतः गेली, कोंबडीच्या दुकानात, जी आयुष्यात त्या गल्लीत शिरली नव्हती. नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधून माझ्या चुलीवर, माझ्या पातेल्यात शिजवलं, आणि एका हातानं खिडकी धरून दुसऱ्या हातानं कुस्करलं. भव्या म्हणते, पहिल्या दिवशी अम्मा मधेच दोनदा बाहेर जाऊन आली.

"मीठ घातलंस?" मी विचारलं. तोंडातून आधी तेच निघालं.

"नाही. एवढी वर्षं दारात उभी राहून बघतेय मी. कांदा नाही, मीठ नाही, हाड नाही. आणि मी जेवायच्या आधी त्याला. तुमच्याकडं तसंच आहे नं?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टाके घेऊन उठून आला असता, पातेल्यात डोकावायला," सुष्मा म्हणाली. "आणि माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. म्हणून मीच यांना म्हटलं, पाकीट म्हणून सांगा."

येसाजी म्हणाला, "मला दोघींनी मिळून खोटारडा केलं."

मी उठले, कच्चा कागद चुलीत घातला. गॅसची चूल आहे, त्यामुळं बराच धूर झाला आणि भव्यानं कागद सिंकमध्ये विझवला. पण भावना पोचली.

तर कलम पाचवं आता असं. माझ्यामागं करिया सुष्मा येसाजी घाटगे हिच्या ताब्यात जावा. त्याच्याबरोबर माझं पातेलं, लोखंडी पळी, माझी विळी आणि स्वयंपाकघराची किल्लीही तिचीच. बंगळूरला न्यायचा की इथं येऊन राहायचं ते तिनं ठरवावं, येसाजीनं नाही. दुसऱ्या चुलीची आता गरज नाही, ती कुणा नव्या संसाराला द्यावी. आयुधपूजेचा राग रद्द. हे पत्र तिच्या आईसमोर वाचू नये, वाचावंच लागलं तर पाचवं कलम गाळावं, एवढी एक सूट गुंडेरावांना देते.

दागिन्यांचं राहिलं. बांगड्या भव्याला, मोहनमाळ सुष्माला. मोहनमाळ आधी येसाजीच्या चुलतबहिणीला द्यायची होती, तिला मी स्वतः समजावीन. ती रडेल आणि मग विसरेल, तशीच आहे ती.

हे पत्र मी माझ्या राजीखुशीनं लिहिलं. याआधी काही लिहिलं असेल तर ते जळालं, वर सांगितलंच आहे.

लिहून देणार: वनजाबाई कोम सयाजीराव घाटगे (सही माझी, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. गुंडेराव, चामराजपुरम. (माझ्याविषयीचं कलम वाचलं. मनुकांबद्दल मान्य. गुं.)
२. डॉ. प्रार्थना, पशुवैद्य. (अज्जींचं डोकं जागेवर आहे. करियाचं वजन मात्र कमी करावं.)

ठिकाण: म्हैसूर
तारीख: १० फेब्रुवारी २०२५, सोमवार

सह्या झाल्यावर एक ओळ जास्तीची, गुंडेराव म्हणतात चालते. सुष्मा आणि भव्या येत्या रविवारी परत येतो म्हणाल्यात. स्वयंपाक सुष्मा करणार, माझ्यासमोर, आणि मी खुर्चीत बसून एक शब्द बोलायचा नाही असं तिनं कबूल करून घेतलंय.