चटणीपाशी उभं राहायचं

अण्णा, आपला चटणी कुटायचा डंक चालू आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर दारात पाऊल टाकल्या टाकल्या हेच विचारलं असतं. मी कशी आहे, आई कशी आहे, हे सगळं त्यानंतर. मोटर तीच आहे, पट्टा नवा आहे. चैत्र संपत आलाय आणि सकाळपासून आईला पाणी प्यायलाही उसंत मिळालेली नाही. मी आतल्या खोलीत फरशीवर बसून लिहिते आहे, आणि पलीकडे लोखंडी मुसळं उखळात पडताना त्यांचा ठोका जमिनीतून माझ्या पायापर्यंत येतो. ह्याच ठोक्यावर मी पाढे पाठ केले होते. मिरचीचा ठसका इथपर्यंत येतोय, मी ओढणी नाकाला बांधली आहे, आणि मला इतकं बरं वाटतंय की मधेच पेन खाली ठेवून नुसतं ऐकत बसावंसं वाटतं.

मधली काही वर्षं तुम्हाला सांगून खरी वाटणार नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. पुढे आईने डंक एकटीने चालवला आणि मला कॉलेजला घातलं. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, म्हणून ती माझं मार्कशीट येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवायची, चटणीच्या हातानेच. मी पुण्यात नोकरीला लागले. दुकानांच्या जाहिराती मोबाईलवर करायच्या, लोकांनी त्या बघून फोन करावेत, माल मागवावा, असं ते काम. आईला अजूनही वाटतं की मी फोटो काढते. मग एका वर्षी जगभर एक आजार पसरला आणि सगळ्यांना घरात बसायला सांगितलं. ऐन चटणीच्या हंगामात, अण्णा. आपलं वर्षाचं पोट ज्या उन्हाळ्यावर, तो उन्हाळा दार लावून गेला.

मी घरी आले तेव्हा उखळांवर गोणपाट टाकलेलं होतं. थोड्या दिवसांनी गिरण्या आणि डंक काही वेळ चालवायला परवानगी मिळाली, पण गर्दी करायची नाही, गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही. म्हणजे डंक उघडा आणि कुणी येणार नाही. कबनूरचा एक यंत्रमागवाला विकत घ्यायला म्हणून आपली मोटर बघून गेला होता. महिन्याभरात पुन्हा येतो म्हणाला. आई त्याला हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. मला ते तिने भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडे न बघता. "तू तुझी नोकरी बघ. ह्या वासात कुणी जलमभर ऱ्हावं असं न्हाय," एवढंच म्हणाली.

मला भीती लवकर वाटते, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी भीतीने मला काहीतरी करायला लावलं. ऑफिसात शिकवलं होतं तसं मी केलं. लालभडक चटणीचा फोटो काढला, तो मोबाईलमध्ये आणखी लाल केला, वर लिहिलं की मिरची, कांदा, मसाला डब्यात भरून द्या, कुटून घरपोच मिळेल. ते पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. सगळ्या बायकांनी एकच विचारलं.

"ते सगळं खरं, पण उभं कुठं ऱ्हायचं?"

"उभं राहायला लागणारच नाही, काकी. आम्ही कुटून देतो की."

"वा गं वा! मिरच्या माझ्या, खोबरं माझं, कांदा मी दोन दिस वाळवून भाजलेला. आणि बघायला कोण? तुझी आय व्हय?"

फोन स्पीकरवर होता. आतून आई म्हणाली, "बरोबर बोलतीया की ती!"

तेव्हा मला तुम्ही आठवलात. तुम्ही मला रागावलात असे प्रसंग थोडे, त्यातला हा सगळ्यात मोठा. मी सहावीत आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, आणि तुम्ही मला मोटरच्या बटणापाशी स्टुलावर बसवलं आहे. बायकांची रांग दारापर्यंत आहे. उखळापाशी उभी असलेली बाई रडणाऱ्या लेकराला घेऊन बाहेर जाते. मुसळं चालूच आहेत. तुम्ही आतून पोतं घेऊन येता, रिकामी जागा बघता, पोतं तिथेच टाकता आणि माझ्या डोक्यावरून हात घालून बटण बंद करता.

"हितली बाई कुठं हाय?"

"बाहेर गेल्यात."

"मग मशीन कुणासाठी चाललंय? चटणी तिची हाय. ती न्हाय तर आपला हात बी न्हाय."

सगळ्या रांगेसमोर. मी मान खाली घालून रडते. ती बाई परत येते तेव्हा तुम्ही तिला म्हणता, "या वहिनी, तुमचीच वाट बघत थांबलोय," आणि तुमच्या आवाजात माझ्यासाठी काढलेल्या रागाचा मागमूसही नसतो. मला तेव्हा तो अन्याय वाटला होता. पुढे कळलं की कोल्हापुरात बाई एक वेळ सोनं दुसऱ्याच्या हाती देईल, पण वर्षाची चटणी नजरेआड कुटू देणार नाही. कुणी कमी करेल म्हणून नव्हे. मिरचीचा खाट, म्हणजे ठसका, कसा उठतो, लसूण कधी टाकायचा, किती बारीक झाल्यावर थांबायचं, हे तिने तिथे उभं राहून सांगायचं असतं. तेवढा वेळ डंक तिचा असतो.

माझ्या लालभडक जाहिरातीत हीच गोष्ट नव्हती. मी उभं राहायची जागाच काढून टाकली होती.

मग मी फोन खिडकीच्या गजाला परकराच्या नाडीने बांधला, उखळ नीट दिसेल असा. आपल्याकडे दर वर्षी येणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत ना, ज्यांच्या समोर तुम्ही टोपी सारखी करायचात, त्या एकट्याच तयार झाल्या. डबे दारात ठेवून त्या घरी गेल्या आणि व्हिडिओ कॉलवर आल्या.

"अगं, तुझ्या आईला बाजूला सरक म्हण. मला तिचा खांदा बघायचा नाही, उखळ बघायचंय."

आई फोनकडे न बघता गजाकडे बघून बोलत होती. "बाई, धनं टाकू का?"

"थांब की जरा! मिरची अजून जाड दिसतीय मला."

असं चाललं होतं आणि मधेच रेंज गेली. स्क्रीनवर बाईंचा चष्मा तेवढा गोठून राहिला. आईने मोटर बंद केली. मी घाबरले, कारण वीज कधी जाईल ह्याचा भरवसा नव्हता. मी म्हणाले, "आई, चालू दे की. येतील त्या. त्यांना काय कळणार आहे?"

"आल्यावर चालू करू," आई म्हणाली आणि पदराने तोंड पुसत उखळाच्या कडेला बसली. ती सहज बसली, जशी कुणी पाणी प्यायला बाहेर गेलेल्या बाईसाठी थांबेल. मी मात्र लाजेने लाल झाले. बाई परत आल्या तेव्हा सगळं शांत.

"का गं, मशीन बिघडलं काय?"

"न्हाय की. तुम्ही नव्हतासा."

बाईंनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "माझी सून पण माझ्यासाठी एवढी थांबत नाही." हे त्यांनी नंतर किती जणींना सांगितलं देव जाणे. मी तो लाल फोटो काढून टाकला आणि नवीन जाहिरातीत एकच ओळ लिहिली, की तुम्ही फोनवर दिसेपर्यंत आमचं मशीन चालू होणार नाही. ती टाकण्याआधी मी बऱ्याच वेळा वाचली, कारण आपण जे करणार नाही ते लिहून बसू अशी धास्ती मला कायम असते. पण ह्या ओळीत खोटं काही नव्हतं. तुम्हीच ती आधी बोलला होता, फक्त तेव्हा ओरडून.

डबे यायला लागले. राजारामपुरीतून, कसब्यातून, मुडशिंगीतून. लेक बंगळुरात अडकलेली आणि आई इथे, अशा दोघी एकाच कॉलवर येऊन लसणावरून भांडायच्या. ज्या बायकांना मिरची मिळत नव्हती त्यांच्यासाठी, गडहिंग्लजच्या ज्या व्यापाऱ्याकडून तुम्ही मिरची आणायचात, त्यांनाही मी फोनवर पोती उघडून दाखवायला लावली. तुमच्याबरोबर त्या बाजाराला गेले होते ते आठवलं. परतीच्या एस.टी.त आपल्या पोत्यामुळे सगळी गाडी शिंकत होती आणि तुम्ही हात जोडून सांगत होता, "पावणं, आमचीच मिरची हाय, एवढं आजच्या दिस सोसा." मधेच एकदा अवकाळी पाऊस झाला, मिरची सादळली, आणि मी मोबाईलवरच्या आपल्या जाहिरातीच्या पानावर लिहिलं की ह्या खेपेला रंग फिका येईल. पुण्यातली मैत्रीण म्हणाली, अशी जाहिरात मी जन्मात बघितली नाही. माझी झोप उडाली. पण बायकांनी विचारलं ते एवढंच, की मग कधी आणून टाकू?

आणि ह्या सगळ्याच्या मध्यावर पट्टा तुटला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती इतके डबे, हार्डवेअरची दुकानं बंद, आणि कबनूरच्या माणसाचा फोन आलेला की पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येतो. डबे न कुटता परत गेले असते तर पुन्हा कुणी दिले नसते, आणि टेम्पो रिकामा गेला नसता. कुटायची सोय पेठेत एकाच ठिकाणी होती, आपल्या समोर.

त्या समोरच्या काकांचं नाव तुम्ही घरात घेऊ दिलं नाहीत. आपल्याकडे काम शिकले आणि समोरच डंक टाकला, म्हणून तुम्ही शेवटपर्यंत त्यांचा उंबरा शिवला नाहीत. त्यांच्या दाराजवळून जायचं झालं की आपण रस्ता ओलांडायचो, मी तुमचं बोट धरून. माझी जाहिरात सुरू झाल्यापासून ते दारात बसून ओरडायचे, "काय गं, आज मोबाईलात किती किलो कुटलंस?" त्यांचा डंक पूर्ण बंद होता.

मी आईला विचारलं. ती बराच वेळ तुटलेला पट्टा हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "भांडण तुझ्या अण्णांचं हुतं. माझं न्हाय." आणि चप्पल घालून माझ्या पुढे चालू लागली.

काका आम्हाला दारात बघून उभेच राहिले. मी एका दमात सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमची गिऱ्हाईकं, आणि उखळ माझं?" ते म्हणाले. "डोक्यात मिरच्या गेल्यात काय तुझ्या? आणि नाव कुणाचं हुणार?"

"दोघांचं," मी म्हणाले. मला तसं बोलायचं ठरवलेलं नव्हतं. "पानावर दोन्ही डंकांचं नाव लावते. नंतरही काढणार नाही."

ते आईकडे बघत होते. आई म्हणाली, "भावजी, डबं उन्हात हायीत."

काकांनी गोणपाट ओढून काढलं. उखळं धुतली, पुसली, मी बघते आहे म्हणून पुन्हा धुतली. "एक सांगतो," ते मला म्हणाले, "फोन माझ्या थोबाडावर धरायचा न्हाय. उखळावर धर. आणि बाई दिसंना झाली की मला हाक मार, मी थांबतो. मला शिकवलंय ते." कोणी शिकवलंय ते बोलले नाहीत. आई तोंड फिरवून डबे मोजायला लागली.

सगळे डबे कुटून झाले. कबनूरच्या माणसाला आईने स्वतः फोन लावला. "पावणं, मोटर द्यायची न्हाय. आम्हालाच लागतीया," असं म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बऱ्याच दिवसांनी हसली. आता सगळं उघडलं आहे, रांग पुन्हा दारापर्यंत येते, आणि दोन्ही डंकांच्या खिडकीत दूरच्या बायकांसाठी फोन बांधलेले असतात. मी पुण्याची नोकरी सोडली. इथल्या पापडवाल्या, लोणचंवाल्या, शिलाईवाल्या बायकांचं हेच जाहिरातीचं काम करते. घाबरते अजूनही, पण काम होतं.

एवढं लिहून मला थांबता आलं असतं. येणारा प्रत्येक जण म्हणतो, तुझे अण्णा असते तर केवढे खूश झाले असते, आणि मी मान डोलावते. पण तुम्ही असता तर पट्टा तुटला तेव्हा, समोर जाऊ का, असं मी तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही नको म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं, कारण तुमचं मी कधी मोडलं नाही. टेम्पो मोटर घेऊन गेला असता. अण्णा, तुमची आठवण मला रोज येते. फक्त त्या एका दुपारी तुम्ही घरात नव्हता, ह्याचं मला बरं वाटलं, अजून वाटतं. म्हणून तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं.