एकाने तरी उघडून बघा

२ ऑगस्ट, सोम.
माझ्या अ‍ॅप-डिझाइनच्या पोर्टफोलिओची लिंक टाकली एकदाची इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर. स्पष्ट लिहिलं होतं, कौतुक नको, चुका सांगा, २० तारखेला ज्युनिअर डिझायनरच्या जागेसाठी पाठवायचंय. आत्तापर्यंत पाहिलेल्यांतली ही एकच जाहिरात, जिच्यात अनुभव मागितलेला नाही. चाळिशीला दोन वर्षं उरलीत माझ्या. अशी दुसरी कधी येणार?
संध्याकाळपर्यंत सतरा 'छान', असंख्य फुलं, एक 'अभिनंदन वहिनी'. कसलं अभिनंदन? एका काकांनी विचारलं, ऑनलाइन गणपतीचं बॅनर करशील का. घ्या.

३ ऑगस्ट
साइटवर किती जण आले ते दिसतं, हे आज कळलं. तीन भेटी. तिन्ही माझ्याच: फोन, लॅपटॉप, इराचा आयपॅड.
म्हणजे एकाही माणसाने लिंक उघडलेली नाही. सतराच्या सतरा 'छान' न बघता. आणि नि.? माझा नवरा? काल जेवताना म्हणाला, "बघितलं ना, मस्तंय." काय बघितलंस बाबा? विचारणार होते, पण तो परत गॅरेजमध्ये, म्हणजे त्याच्या लॉकडाऊनमधल्या ऑफिसात, मीटिंगला पळाला. इराला दाखवलं. It's fine, Aai. आयपॅडवरून मान वर न करता.

६ ऑगस्ट, शुक्र.
डिझाइनच्या ऑनलाइन कोर्सच्या मेंटरबरोबर झूम, पंधरा मिनिटं. ब्रॉन्विन बाई गोड आहेत, तोच प्रॉब्लेम आहे. दहा मिनिटं रंग किती छान, किती स्वच्छ, good on you. मी वहीत काय लिहू? रंग छान?
शेवटी कॉल संपता संपता म्हणाल्या, रफ काम कुठंय? विचार कसा केला, काय फसलं, ते काहीच दिसत नाही.
अहो, ते मी डिलीट केलं! फायनल झाल्याबरोबर. आम्हाला शाळेत रफ वही वेगळी, फेअर वही वेगळी. फेअर वहीत खाडाखोड दिसली की बाई पान फाडायच्या. कोण दाखवेल घाण?

८ ऑगस्ट, रवि.
आज जे केलं ते कुणाला सांगायची सोय नाही. तयार डिझाइन समोर ठेवून त्याची 'रफ स्केचेस' काढत बसले. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधी उत्तर ठरवायचो, मग रीडिंग्ज भरायचो, तस्संच. मुद्दाम तीन चुकीची काढली आणि त्यावर काट मारली. एका कागदावर चहाचा कप ठेवून गोल डागसुद्धा पाडला. स्कॅन करून साइटवर चढवलं. फारच खरं दिसतंय. स्वतःची लाज वाटली, पण काढलं नाही.

११ ऑगस्ट, बुध.
टीव्हीवर अकराची सरकारी प्रेस कॉन्फरन्स, कोरोनाचे आकडे परत वाढलेले, कंटाळून मागच्या अंगणात गेले. कुंपणापलीकडे फिलोमिना आंटी कपडे वाळत घालत होत्या. मूळच्या वसईच्या, सत्तरीच्या, लेकाकडे राहतात. रोजच्या चार गोळ्या. आणि माझं अ‍ॅप कशाचं? म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांच्या वेळा सांगणारं! तरी इतक्या दिवसांत हे डोक्यात आलं नव्हतं. धन्य.
मास्क लावून कुंपणावरून फोन दिला. म्हटलं, सकाळची गोळी घेतली असं यात नोंदवा. त्यांनी गोळीच्या चित्रावर बोट दाबलं. परत दाबलं. मग जोरात. मी म्हटलं, आंटी, खाली बटण आहे की, ते फिकट राखाडी.
"हे बटण आहे होय? मला वाटलं काचेवर डाग पडलाय."
ते बटण तसं ठेवायला मला चार दिवस लागले होते. एलिगंट म्हणून.
चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मी रोज चार गोळ्या घेते गं बाय. करायच्या आधी मला विचारलं का नाहीस?"

१२ ऑगस्ट
काल घरात येऊन रडले. नि.ला कांद्याचं सांगितलं. आंटींचा राग आला, खरंच आला. म्हातारीला काय कळतं डिझाइनमधलं वगैरे. मग माझाच राग आला. दहा दिवस दारोदार चुका मागत फिरतेय आणि पहिली मिळाली तर तोंड फुगवून बसलेय. मला 'छान'च ऐकायचं होतं बहुतेक, फक्त जरा उघडून बघून म्हटलेलं.
चहाच्या डागाचं स्कॅन काढून टाकलं.

१५ ऑगस्ट, रवि.
तीन दिवस आंटींशी कुंपणावरून. बटण म्हणजे काय तेच विसरून कागदावर काढायचं, त्यांना द्यायचं, त्या बोट ठेवतील तिथे फुली. "हे नको, घड्याळ मोठं कर." "रात्रीची गोळी अर्धी असते, ते कुठं सांगायचं?" अर्धी गोळी! मला सुचलंच नव्हतं. अकरा कागद झाले. कळकट, चुरगळलेले, सगळे खरे. सगळे साइटवर लावले. आंटी एकदाही छान म्हणाल्या नाहीत.

१७ ऑगस्ट, मंगळ.
नि.ला विचारलंच. शांतपणे विचारायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तो आधी म्हणाला बघितलंय. मी त्या दिवशीच्या भेटींचा आकडा दाखवला. मग कामाचा लोड, मग इराची ऑनलाइन शाळा. मी म्हटलं, दोन मिनिटं नव्हती का रे तुझ्याकडे?
"उघडलं असतं आणि आवडलं नसतं तर? बँकेतली परमनंट नोकरी सोडून तू माझ्यामागे या परक्या देशात आलीस. आता मीच कुठल्या तोंडाने सांगू, जमलं नाही म्हणून?"
चार वर्षांत हे पहिल्यांदा बोलला. भांडण अर्धवटच राहिलं. जेवताना इराच्या गणितावर बोललो.

१९ ऑगस्ट, गुरु.
उद्या पाच वाजता मुदत. नि. दुपारी आपणहून लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर येऊन बसला. म्हणाला, दे, आता उघडतो, तू आत जा. मी गेले नाही. समोरच भेंडी चिरत बसले. त्याने सगळं वाचलं, आंटींचे कागदसुद्धा एकेक मोठे करून. अर्धा तास. स्क्रोल करून परत पहिल्या पानावर गेला. बिलाच्या पाकिटामागे काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. माझी भेंडी केव्हाच संपली होती.
मग घसा खाकरून म्हणाला, सहा गोष्टी आहेत, पहिलीच वाईट आहे. मी म्हटलं, बोल.
"यात तूच नाहीस. बारा वर्षं पेन्शनवाल्यांच्या खिडकीत बसलीस. त्यांना फॉर्म कुठे अडतो, सही कुठे चुकते, सगळं तुला पाठ होतं. त्याचा एक शब्द नाही."
मी तेच तर झाकलं होतं. डिझायनर वाटणार नाही म्हणून. स्वतःच्या माहितीत लिहिलं होतं, 'नवशिकी, शिकण्यास उत्सुक'. तिथे बसून ते वाक्य पुसलं. उरलेल्या पाच गोष्टी त्याने वाचून दाखवल्या, दोन पटल्या, एकीवरून वाद झाला, वाद चालूच आहे.
पुसलेल्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. 'मी बारा वर्षं', इतकंच लिहून झालंय.