जावयाच्या धोंड्याचा फोटो हटविण्याबाबत

दिनांक : ८ जून २०२६

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, पैठण,
जि. छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : आप्पासाहेब कडूबा शेजूळ, वय ६१, निवृत्त एस.टी. वाहक, रा. पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर.

विषय : 'पाणमौज वॉटर पार्क' (पैठण रस्ता) यांनी अर्जदाराच्या जावयाचा फोटो जाहिरातीत लावल्यामुळे अर्जदाराची विवाहित मुलगी माहेरी बसून असल्याबाबत.

संदर्भ : पार्कच्या व्यवस्थापकांशी दि. ५ जून रोजी झालेली माझी समक्ष भेट.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, माझी मुलगी सौ. मोनाली हिचा विवाह गेल्या वर्षी देवगाव रंगारी (ता. कन्नड) येथील श्री. अप्पाराव गोरे यांचे चिरंजीव सुयश यांच्याशी झाला. जावई एका कारखान्यात नोकरीस असून स्वभावाने गरीब आहेत, याबद्दल माझी आजही तक्रार नाही. यंदा अधिक मास आला, म्हणजे लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचे वाण द्यायचे आणि त्या दिवशी जावयाच्या खिशाला हात लागू द्यायचा नाही, एवढी साधी रीत आहे. हा महिना तीन वर्षांनी येतो आणि चालू महिना दि. १५ रोजी संपत आहे, ही बाब सुरुवातीलाच आपल्या निदर्शनास आणतो.

जेवण घरीच ठरले होते. परंतु जावयांनीच फोनवर सुचवले की, "मामा, घरात बसून काय करायचं, ऊन लई झालंय. आपुन वाटर पार्कला जाऊ, धोंडे तिथंच खाऊ." मला कल्पना पसंत पडली. माझी पत्नी सौ. रत्नमाला हिला ती पसंत नव्हती, हे तिच्या आग्रहावरून येथे नमूद करतो. पार्कच्या फलकावर 'एका तिकिटात दिवसभर मौज' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असून त्यापुढे एक चांदणी छापलेली आहे. ती चांदणी शोभेची आहे असा माझा समज झाला. ती अटींची खूण असते हे मला नंतर कळले.

रविवार दि. ३१ मे रोजी आम्ही चौघे पार्कवर पोहोचलो. चारही तिकिटे मी रोखीने काढली. त्यानंतर फाटकावरील रखवालदाराने आमची पिशवी उघडून धोंड्यांचा डबा, तुपाची बरणी व वाणाचे अनारसे बाहेर काढले आणि बाहेरचे खाद्य आत नेता येत नाही असे सांगितले. हे खाद्य नसून जावयाचा मान आहे, असे मी त्यास समजावले. त्यावर तो म्हणाला, "काका, मान बी आत नेता येत नाय. तिकडं शेडमध्ये ठिवा." शेड पत्र्याची होती. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा पुरणाला वास सुटला होता आणि तूप बरणीतून पिशवीत आले होते. रत्नमाला पहाटेपासून चुलीपुढे होती. तिने झाकण परत लावले.

आत गेल्यावर समजले की पार्कमध्ये रोख रक्कम चालत नाही. प्रत्येक गटाच्या एका माणसाच्या मनगटाला पट्टा बांधतात, त्यात मोबाईलवरून पैसे भरायचे आणि जिथे तिथे तो पट्टा दाखवायचा. माझ्याकडे बटनाचा मोबाईल आहे, रत्नमालाकडे तोही नाही आणि मोनाली आपला मोबाईल घरी विसरली होती. मी आयुष्यभर एस.टी.त फाटक्या, चिकटवलेल्या, घामाने भिजलेल्या नोटा घेतल्या, सुट्टे नाही म्हणून कोणाला खाली उतरवले नाही. त्या दिवशी माझ्या खिशात कोऱ्या नोटा होत्या आणि त्या घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी पट्टा जावयांच्या मनगटाला बांधला गेला. महोदय, मूळ अनर्थ तेथे झाला.

पाण्यात उतरायचे तर पार्कचाच पोशाख पाहिजे, त्याचे भाडे वेगळे. कपडे ठेवायला कपाट, त्याचे वेगळे. मोठ्या घसरगुंडीवर हवेची ट्यूब लागते, तिचे वेगळे. घरून नेलेले पिण्याचे पाणीही फाटकावर ओतून टाकायला लावल्यामुळे तेही विकत. सावलीतल्या खुर्चीलाही भाडे आहे असे कळताच रत्नमाला चपला ठेवायच्या मांडणीजवळ जाऊन बसली आणि दिवसभर तिथेच बसली. प्रत्येक वेळी जावई मनगट पुढे करत, यंत्र टुक् असा आवाज करी आणि मी मागून त्यांच्या हातात नोटा कोंबायला जाई. पहिल्यांदा ते हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मामा." दुसऱ्यांदा नुसतेच "ऱ्हाऊ द्या" म्हणाले. नंतर ते नोटा न घेता पुढे चालू लागले. दुपारी स्वतःच्या धोंड्याच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने समोसा खाल्ला आणि आम्हालाही खाऊ घातला.

आता फोटोविषयी. जावयांच्या मापाचा पोशाख शिल्लक नव्हता. जो मिळाला तो पिवळा असून त्यावर केळ्यांची चित्रे होती आणि तो त्यांना पोटावर तोकडा होत होता. त्याच पोशाखात ते व मोनाली मोठ्या घसरगुंडीवरून एका ट्यूबमध्ये खाली आले. वळणावर पार्कने न सांगता कॅमेरा बसवलेला आहे. बाहेर पडताना दाराशी एक मोठा पडदा लागतो, त्यावर सर्वांचे फोटो एकामागून एक येतात. आमचा आला तेव्हा रांगेतली माणसे मोठ्याने हसली. जावयांचे डोळे मिटलेले, तोंड उघडे, दोन्ही हातांनी ट्यूब घट्ट धरलेली आणि मागे मोनाली हसते आहे. फोटो विकत घेतला तरच पडद्यावरून जातो, असे खिडकीवरील बाईने सांगितले. परंतु तोवर पट्ट्यातले पैसे संपले होते आणि तापलेल्या कपाटात राहून जावयांचा मोबाईल बंद पडला होता. रोख चालत नव्हतीच. मी नोटा खिडकीवर ठेवल्या, त्या बाईने त्या नम्रपणे परत सरकवल्या. तो फोटो पडद्यावर तसाच ठेवून आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी पार्कने तोच फोटो 'इथे मोठी माणसं पुन्हा लहान होतात' अशा मजकुरासह मोबाईलवर जाहिरात म्हणून टाकला. कारखान्यातल्या कोणीतरी तो जावयांना दाखवला आणि दिवस मावळायच्या आत तो देवगाव रंगारीत घरोघरी पोहोचला. विहीणबाई मनकर्णाबाई यांचा मला फोन आला. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : "दादा, तुमी पोराला जेवायला बोलवलं व्हतं का त्याचं हसं करायला? पैसं बी त्याचंच, हसं बी त्याचंच. आन् सून मागं बसून दात काढती. आमच्यात असं चालत नाय." मी पुष्कळ सांगितले की रोख घेत नव्हते. त्या म्हणाल्या, "जगात रोख कोण घेत नाय?" धोंड्याला म्हणून माहेरी आलेल्या मोनालीला न्यायला जावई त्याच आठवड्यात येणार होते. ते आले नाहीत. फोनवर एवढेच म्हणाले, "ऱ्हा थोडे दिवस." त्यानंतर ते फोन उचलत नाहीत.

म्हणून दि. ५ रोजी मी एकटा पार्कवर गेलो. तेथील तक्रार खिडकी फाटकाच्या आत असल्याने तक्रार करण्यासाठी मला तिकीट काढावे लागले. आत गेल्यावर सांगण्यात आले की त्या भागात पार्कच्या पोशाखाशिवाय प्रवेश नाही, पाण्यात उतरणार असो वा नसो. पैठणच्या एका सद्गृहस्थांनी माझ्याकडून रोख घेऊन आपल्या पट्ट्यावर माझे भाडे भरले. अशा रीतीने मी, सदतीस वर्षे खाकी घातलेला माणूस, गुडघ्याच्या वर येणाऱ्या विजारीत, हातात कागदांची पिशवी घेऊन व्यवस्थापकांसमोर उभा राहिलो. त्यांनी खुर्ची दिली. मी भिजलेला नसूनही त्यांनी खुर्चीवर टॉवेल टाकला. वागायला माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "काका, तिकिटाच्या मागं लिहिलेलं असतं की फोटो आमचा. आणि हा तर लोकांना फार आवडलाय. हटवायचाच असेल तर ज्यांच्या नावावर पट्टा आहे त्यांनी स्वतः येऊन सही करावी."

महोदय, माझी सर्व अडचण या एका वाक्यात आहे. जावई आल्याशिवाय फोटो हटत नाही आणि फोटो हटल्याशिवाय जावई येत नाहीत. मी कोणाच्या पाया पडावे तेच मला समजत नाही. मुलीची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. गल्लीत मोटारसायकल थांबली की ती उठते, पुढे गेली की परत बसते. रत्नमाला माझ्याशी कामापुरते बोलते. मी संध्याकाळी उगाच बसस्थानकावर जाऊन कन्नडकडून येणाऱ्या गाड्या बघत उभा राहतो.

पार्क आपल्या तालुक्याच्या हद्दीत येतो, एवढ्याच आधारावर हा अर्ज आपणाकडे करीत आहे. सदर बाब आपल्या अखत्यारीत येत नसेल हे मी जाणतो. तरीही आपण पार्कला सदर फोटो जाहिरातीतून हटविण्यास सांगावे. तसेच पार्कच्या आत रोख रक्कम स्वीकारत नाहीत असे त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेऊन द्यावे, म्हणजे तो कागद मी विहीणबाईंपुढे ठेवू शकेन. झालेला खर्च मला परत नको. महिना सरण्यापूर्वी हे झाल्यास जावयांना पुन्हा जेवायला बोलावता येईल. ते येतीलच असे मी म्हणत नाही.

यापुढची बाब वरील मागणीच्या विरुद्ध जाते, तरी लिहितो. काल या अर्जाचा मसुदा वाचून दाखवल्यावर रत्नमालाने विचारले, "हटवला म्हंजी फोटो कुठंच ऱ्हात नाय का?" मी म्हटले, नाही. त्यावर ती म्हणाली, "मग आधी आपल्याला एक घिऊन ठिवा." मी तिच्यावर चिडलो. मोनालीने आपल्या मोबाईलमधून तो केव्हाच पुसला आहे, म्हणून मी शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या मोबाईलवर तो पुन्हा पाहिला. इतके दिवस मी त्यात फक्त जावयांकडे पाहत होतो. त्यांच्यामागे माझी मुलगी बसली आहे, केस तोंडावर आलेले, अंगावर पाणी उडालेले, आणि तोंड भरून हसते आहे. लग्नाच्या अल्बममध्ये ती सगळीकडे खाली मान घालून आहे. मान खाली घाल, असे तिला मीच सांगत होतो. लग्न झाल्यापासून मी तिला असे हसताना पाहिलेले नाही, आणि तिने पुन्हा असे हसू नये यासाठीच मी आपल्या दारात अर्ज घेऊन आलो आहे, असे मला शेजाऱ्यांच्या ओट्यावर उभे असताना वाटले. मला फार वाईट वाटले.

तरी फोटो हटविण्यापूर्वी त्याची एक स्वच्छ, कागदावर छापलेली प्रत अर्जदारास मिळावी, ही विनंती. आम्ही ती भिंतीवर लावणार नाही. कपाटात, रत्नमालाच्या साड्यांच्या खाली ठेवू. कोणालाही दाखवणार नाही. मोनालीलाही नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, नम्र अर्जदार,

(सही)
आप्पासाहेब कडूबा शेजूळ
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

सोबत :
१) दि. ३१ मे रोजीची चार तिकिटे व दि. ५ जून रोजीचे एक तिकीट
२) पोशाखाच्या भाड्याची पावती (सद्गृहस्थांच्या नावे)