तुझ्या चिरंजीवांच्या छावणीत काढलेली रात्र

बिदिया, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

आदरणीय झुवैना ताईस,

धाकट्या खलफानचा अदबीने सलाम. अल्लाच्या कृपेने इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही. तुझा गुडघा कसा आहे? सूरच्या दमट हवेत तो धरणारच, हे मी तू लग्न होऊन तिकडे गेलीस तेव्हापासून सांगतोय, पण तुला समुद्राचं वेड. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं, कारण हे पत्र लांबणार आहे आणि ते तू स्वतःच्या डोळ्यांनी वाचावंस अशी माझी इच्छा आहे. फोन केला असता. पण फोनवर मी ‘हिलाल’ एवढं म्हटलं की तू ‘माझं लेकरू किती वाळलंय’ सुरू करतेस आणि माझी तक्रार घशातच राहते. (तो वाळलेला नाही. पोट सुटलंय त्याचं.)

तर तक्रार तुझ्या चिरंजीवांबद्दलच आहे. तुला ठाऊक आहे की माझ्या शमसाला मस्कतचं स्थळ आलंय. मुलगा बदर सालस आहे, इंजिनिअर आहे, आणि शमसाला पसंत आहे. ती तसं बोलत नाही, पण त्याचं नाव निघालं की चहात दोनदा साखर घालते. मुलाचा बाप सैफ सरकारी कचेरीत मोठा अधिकारी. मुलाची आई तो लहान असतानाच गेली, म्हणून आत्याने त्याला वाढवलं. ही आत्या, नसराबाई, विधवा आहे, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्त झाली हे तिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. हे तिघे बोलणी पक्की करायला येणार म्हणून मी घर रंगवून घेतलं, नवे गालिचे आणले, अंगणात बोकड आणून बांधला. आणि आदल्या आठवड्यात सैफसाहेबांचा फोन: आम्हाला एक रात्र खऱ्या वाळवंटात काढायची आहे.

मी म्हटलं, अहो, माझ्या घराचं मागचं दार उघडलं की वाळूची टेकडीच लागते, शमसा रोज सकाळी टोपलीभर वाळवंट केरसुणीने बाहेर काढते, याहून खरं कुठलं हवं? पण तोवर तुझ्या हिलालने परस्पर त्यांना आपल्या पर्यटक छावणीचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. “मामा, तुम्हाला कळत नाही. शहरातल्या माणसांना घर नको असतं, तंबू हवा असतो. तुम्ही फक्त या आणि बसा.” ताई, आपण दोघं तंबूत जन्मलो. आपल्या आईने उभी हयात एक भिंत, फक्त एक भिंत मागण्यात घालवली. सरकारने घरं दिली तेव्हा ती भिंतीला पाठ टेकून दिवसभर बसून राहिली होती, आठवतं? आणि तिचा नातू आता बकरीच्या केसांचे तेच काळे तंबू पुन्हा उभे करून लोकांना त्यात निजवतो! आत मात्र पलंग, आरसा, आणि मागे एक न्हाणीघर ज्याला छप्पर नाही. मी विचारलं, छप्पर घालायचं राहिलं का? तर म्हणतो, नाही मामा, आंघोळ करताना चांदण्या दिसाव्यात म्हणून. (मला आंघोळ करताना साबण दिसला तरी पुरतो.)

शमसाला घेऊन मी छावणीत पोहोचताच हिलालने मला गाडी टेकडीमागे लपवायला लावली. गाडीने म्हणे दृश्य बिघडतं. “मग काय उंटावर बसून येऊ?” असं मी चिडून विचारलं, तर हा गंभीरपणे म्हणतो, “ते तर फारच छान होईल.” मग मला दारातल्या गालिच्यावर, कहव्याच्या किटलीशेजारी बसवलं. मला वाटलं, वडीलधारा म्हणून मान देतोय. थोड्या वेळात एक परदेशी जोडपं आलं, माझ्या दोन बाजूंना बसलं आणि फोटो काढून घेतला. बाईने इंग्रजीत काहीतरी विचारलं. हिलाल म्हणाला, त्या विचारतायत की तुम्ही कधी वाळवंटाबाहेर गेला आहात का. मी! ज्याने तेल कंपनीचा टँकर घेऊन ओमान उभं-आडवं पालथं घातलं, सलालाच्या घाटात ब्रेक फेल झाले तरी ज्याचा हात थरथरला नाही! हे सगळं मी सविस्तर सांगितलं. हिलालने त्याचं भाषांतर एका वाक्यात केलं आणि त्या बाईने छातीवर हात ठेवून डोळे पुसले. मी म्हटलं, तू सांगितलंस काय तिला? तर म्हणाला, “मामा, वाळूपासून लांब गेलात तर तुम्हाला रात्री झोप लागत नाही असं सांगितलं. त्यांना तसंच लागतं.”

संध्याकाळी मस्कतची मंडळी आली. हिलालने त्यांना कहवा दिला आणि, मी समोर बसलेलो असताना, वाळवंटातले बदू लोक पेला कसा धरतात, पुरे झाला की कसा हलवतात, हे माझ्याकडे बोट दाखवून समजावलं. माझ्या हातातला पेला आपोआप हलला तेव्हा सैफने टाळ्या वाजवल्या. मी गिळलं. मुलीचा बाप आहे.

पण मग मला वाटलं, यांना काहीतरी खरं दाखवावं. मावळतीच्या वेळी सैफ आणि नसराबाईंना मी माझ्या गाडीतून मोठ्या टेकडीवर न्यायला निघालो. वाटेत मी सलालाच्या घाटाची गोष्ट सांगत होतो, आणि गोष्ट रंगली की मला भान राहत नाही, हे तुला माहीत आहे. टेकडीच्या माथ्यावर गाडी पोटावर बसली. पुढची चाकं मस्कतकडे, मागची बिदियाकडे, आणि चारही हवेत. मग मागच्या सीटवरून नसराबाईंचा आवाज आला, अगदी फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोराला विचारावं तसा: “वाळूवर चढण्याआधी चाकातली हवा कमी करायची असते ना हो?” अर्थात करायची असते! शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! मी गोष्ट सांगत होतो म्हणून राहिली. पण हे तिला सांगून काय उपयोग? शेवटी छावणीतले सगळे, ते परदेशी जोडपंसुद्धा, दोरी घेऊन आले आणि मला ओढून काढलं. परदेशी बाईने पुन्हा डोळे पुसले. हसून की रडून, मी विचारलं नाही.

जेवणाचं मात्र मान्य करतो. जमिनीखाली पुरून शिजवलेलं मटण तुझ्या मुलाला साधतं, तेवढं त्याने तुझ्याकडून उचललंय. (हे त्याला कळवू नकोस.) जेवण झालं, शेकोटीशी बोलणी सुरू झाली, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सैफसाहेब म्हणाले, लग्न मस्कतच्या मोठ्या हॉटेलात करू. मी म्हटलं, मुलीचं लग्न मुलीच्या घरून होईल. ते म्हणाले, पाहुणे मोठे असतील, सोय हवी. मी म्हटलं, माझ्या घरी काय गैरसोय आहे? त्यावर तो गृहस्थ हसत हसत म्हणतो, “घर कुठं पाहिलंय आम्ही तुमचं? आम्हाला तर तुम्ही तंबूतच बसवलंत!”

ताई, माझ्या कानशिलात जाळ झाला. रंगवलेल्या भिंती, नवे गालिचे, मागच्या अंगणातला बोकड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी उठलो आणि म्हणालो, मग हा विषय इथेच राहू द्या. बदर शेकोटीत बघत राहिला. शमसा उठून गेली, आणि तिची पाठमोरी चाल बघून मला कळलं की मी काय करून बसलोय. पण आता मागे कसं फिरायचं? सैफही तणतणत आपल्या तंबूत गेला. मला हिलालच्या तंबूत झोपायचं होतं, कारण छावणी भरलेली होती. म्हणजे सख्ख्या मामाला स्वतंत्र पलंगाचाही मान नाही.

रात्री वारा सुटला. छप्पर नसलेल्या न्हाणीघरात चांदण्यांऐवजी वाळू बरसत होती, म्हणून मी डोक्याला मुंडासं गुंडाळून बाहेर टेकडीमागे जाऊन आलो. आता ऐक, आणि हसू नकोस. हिलालने लावलेले कंदील वाऱ्याने विझलेले. तंबू सगळे सारखे काळे. आमचा तंबू डावीकडून शेवटचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण वारा चुकवायला मी टेकडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूने आलो, आणि तिकडून डावं ते उजवं होतं, हे कुणाच्या लक्षात राहणार? मी डावीकडच्या शेवटच्या तंबूत शिरलो, दाराशी गालिच्यावर बसलो, मुंडासं सोडून वाळू झटकली. पलंगावर गोधडीखाली हिलाल. झोपलेला नव्हता, कूस बदलली त्याने. मग मला राहवेना.

मी बोलत सुटलो. म्हटलं, लेका, तुझ्या या तमाशापायी माझ्या मुलीचं लग्न मोडलं. तो सैफ, त्याला वाटतं मी कहव्याच्या किटलीबरोबर भाड्याने आणलेला म्हातारा आहे. ती त्याची बहीण, जीभ म्हणजे कात्री, पण त्या घरात अक्कल असेल तर तिलाच आहे. आणि मग, ताई, का कोण जाणे, जे कुणाला बोललो नव्हतो तेही बोललो. म्हटलं, मला हॉटेलचा राग नाही रे. तुझी मामी सालेमा जाण्याआधी अंथरुणावरून म्हणाली होती, माझी शमसा याच दारातून नवरी होऊन जाऊ द्या, मी बघायला नसले तरी दार असेल. हे मी त्या सैफला शेकोटीपुढे कसं सांगू? सांगता येत नाही म्हणून भांडलो. असं बोलता बोलता मी नाक पुसलं. मग गोधडीखालून आवाज आला:

“झालं का तुमचं?”

तो हिलालचा आवाज नव्हता. तो फळ्यासमोरचा आवाज होता.

मी कसा बाहेर पडलो, कुठल्या खुंटीला अडखळलो, कुणाच्या दोरीवर आपटलो, हे विचारू नकोस. मुंडासं आतच राहिलं. या वयात, मुलीच्या होणाऱ्या सासरच्या विधवा बाईच्या तंबूत माझं मुंडासं! उरलेली रात्र मी माझ्या गाडीत, टेकडीमागे, दृश्य न बिघडवता काढली, आणि पहाटे कुठल्या देशात पळून जावं याचा विचार करत होतो.

न्याहारीला सगळे जमले होते. मी बोडक्याने जाऊन कोपऱ्यात बसलो. शमसाचे डोळे सुजलेले, सैफचं तोंड फुगलेलं. नसराबाई सर्वांत शेवटी आल्या, व्यवस्थित घडी घातलेलं माझं मुंडासं हातात. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तुमचं दिसतंय. रात्री वाऱ्याने माझ्या तंबूत आणून टाकलं.” सैफ म्हणाला, “वारा होता खरा जोराचा.” त्या म्हणाल्या, “जोराचा आणि फार बोलका. मला झोपू दिलं नाही.” मग चहाचा घोट घेऊन भावाकडे न बघताच म्हणाल्या, “सैफ, लग्न बिदियाला होईल. यांच्या घरून, यांच्या दारातून. हॉटेलात वाटलं तर तू जाऊन रहा.” सैफने तोंड उघडलं, त्यांनी नुसती मान वर केली, त्याने ते मिटलं. असं त्या घरात चालतं! बदरने आनंदाच्या भरात शमसाच्या चहात मीठ घातलं आणि ती तो तसाच प्यायली.

तेव्हा लग्न ठरलं आहे, ईदनंतर, आमच्या घरून. पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. जे काही चांगलं झालं ते छावणी असूनही झालं, छावणीमुळे नव्हे. हिलाल मात्र गावभर सांगत सुटलाय की त्याच्या तंबूंना बरकत आहे. त्याला आवर. गुडघ्याला तेल लाव. मुलाबाळांना दुआ.

तुझा अपमानित भाऊ,
खलफान

ता. क. हिलालला फार रागावू नकोस. मटण खरंच चांगलं होतं.

दुसरं ता. क. नसराबाई पुढच्या महिन्यात सूरला येणार आहेत, त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिथे असते. तुझ्या घरापासून जवळच. त्यांना एकदा कहव्याला बोलाव, आणि तू जसं विचारतेस तसं, भाजी निवडता निवडता, बघ की त्यांच्या मनात पुन्हा संसार करण्याचा काही विचार आहे का. हे मी सहज लिहितोय. इमामसाहेबांनाही सहज, एका मित्राचं म्हणून विचारून ठेवलंय. शमसाची आत्येसासू झाली तरी हरकत नाही म्हणाले. सालेमाला राग आला नसता असं मला वाटतं. शमसाला यातलं काहीही कळता कामा नये.

(खाली वेगळ्या अक्षरात)

आत्या, सलाम. बाबांनी पाकीट न चिकटवताच पत्र माझ्याकडे टपालात टाकायला दिलं. तुम्ही उगाच भाजी निवडू नका, बाबांची लक्षणं ओळखून नसरा आत्यांना मी परवाच फोनवर विचारलं. त्या बराच वेळ हसल्या, मग म्हणाल्या: “आधी तुझं होऊ दे. आणि वडिलांना सांग, विचारायचं तर दिवसाउजेडी, समोर येऊन विचारा.” मी अजून सांगितलेलं नाही. बाबा सकाळपासून आरशासमोर दाढीला मेंदी लावून बसलेत, ती वाळू द्यावी म्हणते.

तुमची शमसा