न्हावऱ्यापुढं बंद पडलेली गाडी

अहो,

आयुष्यभर तुम्हाला याच एका शब्दानं हाक मारली, आता कागदावर तरी दुसरं काय लिहू? तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतच होते. पण परवा जे कळलं, ते नुसतं मनात बोलून भागेना. म्हणून लिहायला बसले.

परवा शब्बीर मिस्त्री घरी आले होते. आपली निळी गाडी पुन्हा खालून ऑइल गाळायला लागलीय. मिलिंद ती विकायला तयार नाही. म्हणतो, पप्पांची गाडी आहे, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग बदलून घेऊ. तो कंपनीत गेला होता, म्हणून मीच मिस्त्रींना ऑइल काढायला जुनं घमेलं दिलं आणि पायरीवर बसले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, ऑइल काढलं, बोल्ट सोडवून चेंबर खाली उतरवलं. मग आत हात घालून ऑइल पंपाची जाळी काढली, रॉकेलमध्ये धुतली आणि माझ्यापुढं धरली. चेंबरातलं सगळं ऑइल या एवढ्याशा जाळीतूनच इंजिनात चढतं म्हणाले.

"बघा वैनी, कशी साफ हाय. मागल्या टायमाला हितं जाळीच दिसत न्हवती."

मागल्या टायमाला म्हणजे कधी, मी विचारलं. ते पाना शोधायला लागले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा कुठं म्हणाले, साहेबांनी सांगू नका म्हणून सांगितलं होतं.

तुम्हाला आठवतं का, गाडी घेतली तेव्हा दारातल्या नव्या फरशीवर रोज काळा डाग पडायचा? घासून घासून माझे हात दुखायचे. तुम्ही म्हणत होता शब्बीरकडं टाकू. मी अडून बसले. माझ्या भावानं, दिलीपनं, दौंडला नुकतंच गॅरेज टाकलं होतं. घरच्यांनीच काम दिलं नाही तर बाहेरची गिऱ्हाइकं कशाला येतील, असं म्हणत तुमच्याशी धड बोलेनाशी झाले. शेवटी तुम्ही गाडी दौंडला घातलीत.

दिलीपनं काम मनापासून केलं. मी तिथंच उभी होते. चेंबरच्या कडेला पेस्ट लावताना त्यानं हात आखडला नाही. तुम्ही हळूच म्हणालात, जरा जास्त होतीय का? त्यानं काही बोलायच्या आत मीच म्हणाले, लावू द्या की, पुन्हा गळायला नको. आणि खरंच गळली नाही. फरशी कोरडी राहिली, आणि माझ्या भावाच्या हाताचं कौतुक मी गल्लीभर सांगत फिरले.

मग ती सकाळ. शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, दौंडला माझी आई सीरियस आहे. तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून गाडी काढलीत. न्हावरं मागं पडलं आणि गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागला. तुम्ही लगेच कडेला घेतलीत. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिलीत तर ऑइल भरलेलं. तुम्हाला काही उमगेना. म्हणालात, "ऑइल हाय, मग दिवा का लागतोय? गाडी हितंच ठेवू, दुसरं वाहन बघू."

मी काय म्हणाले, ते मला शब्दाला शब्द आठवतं. "ऑइल हाय ना? मग चला की. तिकडं माझी आई चाललीय."

तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत आणि गाडी सुरू केलीत. थोडं अंतर गेलो असू, इंजिन आतून ठोकायला लागलं आणि एकाएकी जाम झालं. मग रस्त्यावर उभं राहून येईल त्या गाडीला हात करणं. शेवटी एका भाजीच्या टेम्पोनं घेतलं. दौंडला पोचलो तर दारात चपलाच चपला. मी समजले.

आईच्या जलदानविधीच्या दिवशी सगळे नातेवाईक बसलेले असताना मी म्हणाले, यांच्या भंगार गाडीपायी मला माझी आई भेटली नाही. तुम्ही मान खाली घातलीत. दिलीप तुमच्या शेजारीच रडत होता आणि तुमचा हात त्याच्या पाठीवर होता. त्या हाताचा अर्थ आज लागतोय मला.

मिस्त्रींनी परवा सगळं सांगितलं. जास्तीची पेस्ट चेंबरच्या आत दबली, वाळली, तुटली आणि शेवयांसारखी त्या जाळीला जाऊन चिकटली. खाली ऑइल भरलेलं, वर थेंब चढेना. जलदानाच्या आधीच, इंजिनचं काम करताना त्यांनी तुम्हाला ते दाखवलं. म्हणाले, वैनींना सांगा, उगाच तुम्हाला बोलत्यात. तर तुम्ही म्हणालात, "न्हाई सांगायचं. आई गेली तिची. आता माहेर म्हंजी तेवढा एक भाऊच हाय."

अहो, एकदा तरी बोलायचं होतं! भांडणात, रागात, कसंही. मी किती वेळा तोंड टाकलं त्या गाडीवरून! त्यानंतर दौंडला जायचं म्हटलं की मी एसटीनंच गेले. तुम्ही माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत यायचात, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहायचात. तेव्हा तुमच्या मनात काय चालायचं? मला इतकं कच्चं समजलात? कळलं असतं तर मी दिलीपशी अबोला धरला असता, असंच वाटलं ना तुम्हाला? धरलाच असता. तुम्ही मला नीट ओळखून होता, हेच जास्त लागतं.

काल मी दौंडला गेले. विचारायचंच, असं ठरवून गेले. दिलीपनं गॅरेज कधीच बंद केलंय, आता स्पेअर पार्ट विकतो. जेवायला बसलो तर त्यानंच विषय काढला. म्हणाला, "आक्का, दाजींसारखा माणूस न्हाई. गाडीचं एवढं झालं, तरी ऑइल बदलायला माझ्याकडंच यायचे. गिऱ्हाइकांफुडं म्हणायचे, आमच्या मेव्हण्याचा हात चांगला हाय."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. पण मी बोलले नाही. एका जेवणापुरतं गप्प राहताना माझी ही गत झाली, तुम्ही इतकी वर्षं कसं राहिलात?

आणि खरं सांगू? दिलीपला काय बोलणार मी? त्याला तेव्हा कामातलं तेवढं कळत नव्हतं, आणि लाव लाव म्हणणारी मीच. दिवा लागल्यावर तुम्ही थांबा म्हणत होता, चला म्हणणारीही मीच. थांबलो असतो तरी आई भेटली असती का, कोण जाणे. पण चारचौघांत तुमच्या माथी मारलं ते मी.

पुढच्या महिन्यात तुमचा पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली की माणसं दोन शब्द बोलायला उठतात. जलदानाला ज्यांनी माझं ऐकलं, तीच सगळी समोर असतील. मी आजवर कधी सभेत उभी राहिले नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी उठणार आहे. सांगणार आहे की हे गाडी थांबवत होते, मी थांबू दिली नाही, आणि वर यांनाच बोल लावला. दिलीपचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ते तुम्ही राखलंत, मीही राखीन.

तुमची,
शालन