आबा, तिथला बाजार असा भरायचा

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्हाला म्हणून मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. विलायतेहून जी लिहिली ती सगळी गावच्या मास्तरांच्या नावानं. ते चावडीसमोर बसून मोठ्यानं वाचणार, तुम्ही ऐकणार, शेजारची चार रिकामी माणसं ऐकणार, आई समोरच्या दाराआडून ऐकणार, हे मला माहीत होतं. म्हणून त्यात ‘मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, थंडी फार आहे’ याच्यापुढे काही नसे. एकदा मास्तरांनी उत्तरात लिहिलं की तुझे वडील म्हणतात, एवढं शिकून पोरगं तीनच गोष्टी बोलायला लागलंय. तुमचा टोमणा मला कळला होता. तुम्हाला तिथला बाजार कसा भरतो ते ऐकायचं होतं. निघताना तुम्ही दुसरं काही मागितलंच नव्हतं. आता मास्तरही मधे नाहीत आणि मी तुमच्यापेक्षा म्हातारा झालोय, तेव्हा सांगतो.

आधी आपल्या आष्ट्याच्या बाजाराचं सांगायला हवं, कारण बाजार बघायचा कसा ते मी तिथं शिकलो. उन्हाळ्यात आपली मेंढरं कृष्णाकाठाला उसाच्या रानांत खतासाठी बसवायला यायची, आणि बाजाराच्या दिवशी तुम्ही मला बरोबर न्यायचा. घ्यायचं असायचं मीठ, फार तर सुतळी. पण तुम्ही दोन्ही हात मागं बांधून, पाव्हण्यांच्या घरी आल्यासारखे, अख्ख्या बाजाराला फेरी घालताय. कुंभाराला विचारताय माती कुठली. हिंगवाल्याला विचारताय तुझ्या मुलखात मेंढरं असत्यात का, आणि त्यांची शेपटी केवढी. तो शेपटी दोन्ही हातांनी दाखवतोय आणि तुमचा विश्वास बसत नाही. माझं सगळं लक्ष जिलबीच्या कढईकडं. मी पुढं पळालो की तुमचा आवाज मागून येतो, “आरं, बाजाराला आलाईस का पाठीला आग लागलीया? डोळं दिल्यात न्हवं देवानं? बग की जरा!” एकदा तर तुम्ही मला मानगूट धरून परत पहिल्या दुकानापाशी नेलं आणि तिथून पुन्हा सगळी फेरी घालायला लावली. त्या दिवशी जिलबी संपली. मी रस्ताभर रडलो आणि तुम्ही रस्ताभर त्या शेपटीचाच विचार करत होता.

पुढं मी साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून शिकलो, आणि धनगराचं पोर लोकरीचं शास्त्र शिकून आलं तर बरं, असं आपल्या संस्थानातल्या कुणाच्या तरी मनात आलं. शिष्यवृत्ती मिळाली. मिरजेच्या स्टेशनावर तुम्ही नवी काळी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. लोकर आपल्याच मेंढरांची, सूत आईनं काढलेलं, विणलेली सणगरानं. गाडी सुटता सुटता तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, “जीव लागला न्हाई तर ये माघारी. कुणाला भ्यायचं न्हाई.” दुसऱ्यांचे बाप नाव काढ म्हणतात. तुम्ही परत यायची मुभा दिलीत. त्या मुभेचा मला किती आधार होता आणि तिनं मला किती छळलं, ते तुम्हाला कधी कळलं नाही.

कारण जीव लागलाच नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडचं ते गिरण्यांचं गाव. धुरानं भिंती काळ्या, दुपारी तीनलाच दिवे. युद्ध संपलं होतं पण रेशन संपलं नव्हतं. साखरेला कुपन, कोटाला कुपन. उकडलेला कोबी खाऊन मी कंटाळलो होतो. वर्गात एक दिवस सरांनी देशोदेशीच्या लोकरी भिंगाखाली ठेवल्या. आपली दख्खनची आली तेव्हा म्हणाले, ही जाडीभरडी, केसाळ, सतरंज्यांच्या कामाची. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझे कान तापले. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही, आणि बाहेर बोलायला कोणी नव्हतं. दिवसच्या दिवस मराठी राहू द्या, इंग्रजीही बोलायचो नाही. शेवटी मी ठरवलं, परत जायचं. जहाजाची चौकशी करून आलो. घरमालकिणीला सांगून टाकलं. एकदा परतलो की शिष्यवृत्ती गेली आणि पुन्हा कधी येणं नाही, हे माहीत होतं, तरी ठरवलं. राहिलं होतं एकच काम, तुमच्यासाठी लोकर कातरायची एक चांगली पोलादी कातर घ्यायची. त्यासाठी मी एका शनिवारी बाजारात गेलो.

पाऊस लागलेला. आपल्याकडचा वळवाचा पाऊस झोडपून काढतो आणि मोकळा होतो. तिथला चघळत बसतो. वाऱ्यानं छत्री उलटी झाली तेव्हा मी ती एका कोपऱ्यात उभी करून ठेवली, घोंगडीची खोळ केली आणि डोक्यावरून घेतली. मोठ्या चौकात आणि त्याला फुटणाऱ्या चार गल्ल्यांत हातगाड्या लागलेल्या. वर ताडपत्र्या, ताडपत्र्यांवरून पाण्याच्या धारा, आणि खाली माणसं अशी निवांत की ऊन पडलंय. एका सरीनं खांदेही भिजवले तेव्हा दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मी थांबलो. थांबलो कसा, तर आपली मेंढरं थांबतात तसा, वाऱ्याकडं पाठ करून, मान खाली, हालचाल बंद. आपल्याकडं कुणी याची दखलही घेतली नसती. पण तिथं ती रिकामी जागा म्हणजे दुकानाची जागा होती! जरा वेळानं एक म्हातारी आली, माझ्या घोंगडीचा पदर चिमटीत धरला आणि किंमत विचारू लागली. तिच्या मागं आणखी एक. मग एक गृहस्थ येऊन उगाच मागच्या बाजूनं चाचपायला लागला. मला काय चाललंय ते कळेना. मी जितका गप्प, तितकी त्यांना वाटली असणार मोठ्या व्यापाऱ्याची ऐट.

शेजारच्या गाडीवर जुन्या लोकरी कपड्यांचा ढीग घेऊन एक दणकट बाई बसली होती. तिनं शेवटी मला हाक मारली. आबा, त्या भागातली साधी माणसं बोलताना अक्षरं गिळतात, अगदी आपल्यासारखी. कॉलेजातलं इंग्रजी मला परकं वाटायचं, हिचं कानाला असं आलं की मला ती आपल्याच बोलीत बोलतेय असं वाटलं, म्हणून तसंच लिहितो.

“इकायचं न्हाई तर हितं हुबा का हाईस रं?”

“पाऊस थांबायची वाट बघतोय.”

“हितला पाऊस? मग उनाळ्यापतोर हुबा ऱ्हा.” मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, “आन वाऱ्याकडं पाठ करून? आमची मेंढरं बी आशीच हुबी ऱ्हात्यात.”

मी एकदम हसलो. किती दिवसांनी हसलो कोण जाणे. तिनं घोंगडी हातात घेतली, नाकाला लावली. ओली घोंगडी, आबा, तिचा वास तुम्हाला सांगायला नको. तिनं विचारलं, हा दुसरा वास कसला, आंबूस? मी म्हटलं, चिंचोक्याची खळ. चिंचोका म्हणजे काय हे सांगताना माझी पुरेवाट झाली. बी भाजायचं, फोडायचं, भिजवून वाटायचं, शिजवायचं आणि कुंच्यानं सुतावर लावायचं. तिला एका अक्षराचा भरवसा वाटेना. तुम्ही त्या हिंगवाल्याकडं बघत होता तशी ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं पलीकडच्या बटाटेवाल्याला ओरडून सांगितलं, हे पोरगं म्हणतंय त्याच्याकडची लोकं झाडाच्या बियांची खीर करून कांबळ्याला लावत्यात! तो आला. चहाची किटली घेऊन त्याची बायको आली. काळा रंग दिलेला का जन्माचा? मेंढी काळी म्हणजे सगळीच काळी? कातरतो कोण? मी म्हटलं, माझे वडील. आणि मग मी तुमच्याबद्दल बोलत सुटलो. मेंढराचे पाय बांधायची तुमची रीत मी तिच्या एका जुन्या कोटावर करून दाखवली. लोकर जाडीभरडी आहे, हे मीच आपण होऊन सांगितलं. बाई म्हणाली, “मग? तू कोरडा हाईस न्हवं?” खांदे भिजले होते, पण मी हो म्हणालो.

त्यानंतर माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू. मी हात मागं बांधले आणि चौकाच्या पहिल्या गाडीपासून सुरुवात केली. एक काचसामानवाला होता. तो पेटीवर उभा राहून अख्खा ताटवाट्यांचा संच दोन हातांवर पसरायचा, आरडाओरडा करत किंमत खाली आणायचा आणि सगळा संच एकदम हवेत उडवून खणखणत झेलायचा. बायका किंचाळायच्या, तो डोळे मिचकवायचा. मी तो प्रकार चार वेळा पाहिला. फुटतात का हो कधी, असं विचारलं तर म्हणाला, घरी बायको फोडते. एका गल्लीत सोललेले ससे टांगलेले, मटणात तेवढ्या सशांना कुपन लागत नाही म्हणून रांग. एका गाडीवर नुसत्या किल्ल्या. कशाच्या, तर बॉम्ब पडून गेलेल्या घरांच्या. म्हटलं, घरं नाहीत तर किल्ल्या घेतं कोण? तो म्हणाला, लोक घेत नाहीत, उभे राहून बघतात. तिथं मीही बराच वेळ उभा राहिलो. आणि त्या बाईच्या जुन्या लोकरी चिंध्यांचं पुढं काय होतं तेही विचारलं. गिरणीत त्या पिंजतात, पुन्हा सूत काढतात, पुन्हा कापड होतं. कुणाचा फाटका पायमोजा कुणाच्या कोटात जाऊन बसतो. हे कसं करत असतील, असा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

दिवे लागले तेव्हा खोलीवर आलो. बूट उपडे करून पाणी काढलं. मालकिणीनं विचारलं, मिळाली का कातर? तेव्हा कुठं मला कातरीची आठवण झाली. सोमवारी मी वर्गात हात वर केला आणि चिंध्या पिंजायच्या यंत्राबद्दल विचारलं. सर दचकलेच. जहाजाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

तुम्ही पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला गेलात. मास्तरांचं पत्र मला तुमचे दिवस होऊन गेल्यावर मिळालं. शिक्षण पुरं करून मी आलो तेव्हा आई म्हणाली, “लय वाट बगितली तुजी. रोज म्हनायचे, पोरगं कवा येतंय?” ठरवलं तसं निघालो असतो तर त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी तुमच्याजवळ असतो. तुमचे पाय चेपले असते. तुम्हाला खांदा दिला असता. हे मी बाजार बघण्यात घालवलं, आणि त्याचं मला दुःख आहे, आजही आहे. तुम्ही मला रागावला नसता, उलट पहिल्या गाडीपासून सगळं पुन्हा सांगायला लावलं असतं, या विचारानं ते हलकं होत नाही, वाढतं.

आई होती तोवर अधूनमधून विचारायची, “एवढी वर्सं तिकडं करमलं व्हय रं तुला?” मी दरवेळी नाही म्हणायचो. तिला बरं वाटायचं, आणि खरं म्हणजे तुमच्या जागी ती विचारतेय असं वाटून ‘हो’ म्हणायला माझी जीभ उचलायची नाही. हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, घरात कुणाला दाखवणारही नाही. करमत होतं, आबा. तुम्ही वाट बघत होता तेव्हा मला तिथं लय करमत होतं.